निर्दोष मान

"खांदे खाली, काका. अजून खाली. ओझं वाहताय असं समजा."

समजायची काही गरज नव्हती. एक्स-रे काढणाऱ्या बाईंनी निवृत्त हेडक्लार्कांच्या दोन्ही हातांत वाळूची एकेक पिशवी आधीच अडकवली होती. खांदे वर राहिले की मानेचा खालचा मणका झाकला जातो म्हणे. मग बाईंनी दोन बोटांनी त्यांची हनुवटी किंचित वर केली आणि "हं, अश्शी" म्हणून त्या काचेमागे गेल्या. हेडक्लार्कांच्या हनुवटीला इतक्या मायेनं हात लावणारा अलीकडे एक न्हावीच उरला होता, आणि त्याच्या दुसऱ्या हातात वस्तरा असे.

"श्वास रोखा. हं, सोडा आता."

हेडक्लार्कांनी तो आणखी थोडा वेळ धरून ठेवला. घाई कुणाला होती?

तपासणी आजाऱ्यांसाठी नव्हतीच. मानेच्या मणक्यांमधल्या ज्या पोकळीतून मज्जारज्जू खाली उतरतो, ती धडधाकट माणसात किती रुंद असते एवढंच इथल्या डॉक्टरीणबाईंना त्यांच्या अभ्यासासाठी मोजायचं होतं. चांगली मान कशी असते ते कळल्याशिवाय बिघडलेली ओळखायची कशी, असं त्यांचं म्हणणं. 'निरोगी प्रौढ व्यक्ती हव्या आहेत' असा कागद रुग्णालयाच्या भिंतीवर वाचला, आणि हेडक्लार्क दुसऱ्याच दिवशी दाढी करून हजर झाले. नोकरी संपल्यापासून ते कुणाला हवे नव्हते. बायको गेल्यापासून तर घरातही नव्हते.

डॉक्टरीणबाई पडद्यावर एकेका मणक्याच्या मागच्या कडेपासून पलीकडच्या रेषेपर्यंत माप टाकत होत्या.

"वा, काका! काय ऐसपैस जागा आहे. पुस्तकात छापावी अशी मान आहे तुमची."

हेडक्लार्क चक्क लाजले. "आमची ही म्हणायची, सगळं घर वाकेल, पण यांची मान नाही वाकायची. ते कौतुक नव्हतं म्हणा."

डॉक्टरीणबाई मोकळेपणानं हसल्या. "मान कधी दुखते का? हाताला मुंग्या?"

"मान नाही दुखत. आणि मुंग्या हाताला नाहीत. साखरेच्या डब्याला आहेत."

त्या पुन्हा हसल्या. हेडक्लार्क खुर्चीत जरा पुढे सरकून बसले. चालताना तोल जातो का, बटणं लावता येतात का, झोप नीट लागते का? प्रत्येक प्रश्नाला त्यांनी 'नाही' किंवा 'हो' एवढ्यावर भागणारं उत्तर चांगलं ऐसपैस दिलं. झोपेवर तर ते चांगलेच रंगले. पण प्रश्न संपले.

"झालं, काका. आभारी आहे. या आता."

"परत कधी येऊ?"

"परत कशाला? ठणठणीत आहात तुम्ही!"

हेडक्लार्क उठले नाहीत. उभी हयात कचेरीत काढून त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती. ज्या फायलीत त्रुटी नाही, ती एकदा पुढे गेली की संपली. तिच्याकडे पुन्हा कुणी ढुंकून पाहत नाही. त्रुटी असली, की मग ती टेबलावर परत परत येते, तिच्यावर चर्चा होते, चार माणसं तिची वाट पाहतात.

"डावीकडे जरा दुखतं हो, कधी कधी," ते म्हणाले.

पडद्यावरचा बाण थबकला. "मगाशी नाही म्हणालात!"

"मगाशी दुखत नव्हतं."

डॉक्टरीणबाईंनी सुस्कारा सोडला. "मग तुम्हाला निरोग्यांत धरता येणार नाही, काका. इतकी सुरेख मान, पण नियम म्हणजे नियम." त्यांनी एक कळ दाबली आणि मान पडद्यावरून गेली. हेडक्लार्कांना क्षणभर वाईट वाटलं. आयुष्यात पहिल्यांदाच पुस्तकात छापण्याजोगं काही त्यांच्यापाशी निघालं होतं.

"मंगळवारी दवाखान्यात या, मी असते. नीट तपासू आपण."

"येतो की!" मान दुखणाऱ्या माणसाला न शोभणाऱ्या उत्साहानं ते म्हणाले.

"आणि एकटे येऊ नका. बरोबर कुणाला तरी घेऊन या."

हेडक्लार्कांनी मान डोलावली आणि ते बाहेर आले.

बाहेरच्या बाकावर पुढचा निरोगी माणूस बसला होता. वय साधारण त्यांच्याएवढंच, ओल्या केसांचा भांग अगदी सरळ पाडलेला. हेडक्लार्क त्याच्यासमोरून दारापर्यंत गेले. दारातून परत आले.

"मंगळवारी तुम्हाला काही काम आहे का हो?"

कुठं, कशाला, तुम्ही कोण, यातलं काही एक न विचारता तो माणूस सावरून बसला.

"किती वाजता?"