चव घेणाऱ्याचं मत

तिसरा चमचा आधी बायकोनं तोंडात घातला आणि चहा चाखणाऱ्यानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहरा शांत होता. सौम्य आहे, असं त्यानं सांगितलं, पण मागून रेंगाळतं.

दुकानाची तरुण मालकीण हरखून गेली. ते धुरी दिलेल्या बिटाचं आईस्क्रीम होतं. त्याआधीचं करपलेल्या पावाचं, त्याच्याआधीचं समुद्रातल्या शेवाळाचं. दुधाचा थेंब कशातही नव्हता. सगळं काजूच्या, ओटच्या नाहीतर नारळाच्या दुधातलं. लोक आत यायचे, पाट्या वाचायचे, हसायचे आणि व्हॅनिला आहे का विचारायचे. आज मात्र काकूंनी सहज सांगितलं होतं, की आमचे हे एकतीस वर्षं चहाच्या कंपनीत चव घेतात, यांनी मान हलवल्याशिवाय एक पेटी बाहेर पडत नाही. झालं. मालकिणीनं बाकीची गिऱ्हाइकं वाऱ्यावर सोडली.

बायकोला काय ठाऊक, की दोन वर्षांपूर्वी घरात दोघांनाही ताप येऊन गेला, त्यात त्याची जीभ गेली. वास नाही, चव नाही. गरम, गार, मऊ, कडक, एवढंच कळायचं. पण जिच्यावर आजवर घर चाललं ती जीभच गेली, हे सांगणार कुठल्या तोंडानं? कंपनीत तो आधी चहाचा रंग पाहायचा आणि मग हाताखालच्या बाईंच्या भुवया. भुवया वर गेल्या की पेटी बाद. घरी पहिला घास तो बायकोला घ्यायला लावायचा, तिचा चेहरा वाचायचा आणि म्हणायचा, छान झालंय. दोन वर्षांत एकदाही तो पकडला गेला नव्हता.

मालकीण आत जाऊन एक झाकलेला डबा घेऊन आली. आज सकाळीच केलेलं, अजून पाटीसुद्धा लावलेली नव्हती. काका म्हणतील तसं करायचं, विकायला ठेवा म्हणाले तर ठेवायचं, असं तिनं ठरवून टाकलं होतं. बायकोनं चमचाभर घेतलं. चेहरा नेहमीसारखाच. मग त्यानं मोठा चमचा भरला, डोळे मिटले आणि कंपनीत करायचा तशी जीभ टाळूवरून फिरवली.

"सगळ्यात हे जमलंय," तो म्हणाला. "गोडवा अगदी बेताचा. आणि किती मऊ."

बायकोनंही मान डोलावली आणि आणखी एक चमचा मागून घेतला.

मालकिणीचे डोळे भरून आले. तिनं स्वतः चमचाभर खाल्लं आणि तोंड दाबून बेसिनकडे धावली. नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला. तोंड पुसत ती परत आली तेव्हा पांढरीफटक पडली होती. साखर समजून तिनं मिठाचा अख्खा पुडा ओतला होता. माफी मागावी की डॉक्टरांना बोलवावं, हे तिला कळेना. ती नुसती दोघांच्या चाटूनपुसून साफ झालेल्या चमच्यांकडे बघत उभी राहिली.

चहा चाखणाऱ्याला घाम फुटला. काहीतरी सारवासारव करावी म्हणून तो बायकोकडे वळला. ती आधीच त्याच्याकडे बघत होती, आणि तिचा चेहरा चोरी पकडल्यासारखा उतरला होता.

"तुझीसुद्धा?" त्यानं हळूच विचारलं.

"त्याच तापात," ती म्हणाली. "तुमच्यासारख्या माणसाला काय सांगणार होते?"

"मग मीठ कसं घालायचीस?"

"अंदाजानं. तुम्ही छान म्हणायचात, म्हणून तेवढंच घालत राहिले."

मुलगा आणि सूनबाई दर रविवारी घरून पोटभर जेवूनच का येतात, याचा उलगडा दोघांना एकदमच झाला.