शिशीनंतरचं बारसं

स्ट्रेचर दाराशी आलं, तशी जयवंताबाईंनी पलंगाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"मी नाही येत. खडे राहू द्या पोटातच."

"आई, पित्ताशय सुजलंय," किशोर म्हणाला. "घरी गेलीस तर रात्री परत कळा येतील."

"कळा सोसीन. पण भूल घेऊन परत आले, तर माझं बारसं कोण करणार?"

सून वंदना पुण्याची. लग्न होऊन हैदराबादेत नल्लकुंट्याला आली, त्यालाही आता वीस वर्षं झाली होती. तिनं कपाळाला हात लावला. "हे आलंच! आई, या वयात नवं नाव घेतलंत, तर आधार कार्ड कोण बदलणार?"

तेवढ्यात भूल देणाऱ्या डॉक्टर भाग्यलक्ष्मी आत आल्या. घर तेलुगू, पण सुलतान बाजारात मराठी शेजारात वाढलेल्या, त्यामुळे मराठी बोलायला त्या घाबरत नसत.

"कैकू अडलंय, अम्मा? सुईला भिता?"

"सुईला कोण भितंय, बाई! चार बाळंतपणं घरात झालीत माझी."

"मग?"

जयवंताबाईंनी कड सोडली नाही, पण सांगायला घेतलं. विलायतेत राणीचं राज्य होतं आणि इथं निजामाचं, त्या वेळची गोष्ट. त्यांच्या पणजीच्या मांडीत नारळाएवढी गाठ झाली होती. त्या साली कापसाला भाव मिळाला, म्हणून पणजोबांनी हिय्या केला आणि बायकोला छकड्यात घालून नव्या आगगाडीपर्यंत नेलं. इथं हैदराबादेत गोऱ्या डॉक्टरनं रुमालावर भुलीची शिशी ओतली, तो नाकाशी धरला आणि ती गाठ कापून काढली. पणजीला कळलंसुद्धा नाही.

"मग चांगलंच झालं की," डॉक्टर म्हणाल्या.

"इथं चांगलं झालं. गावात वेशीवरच अडवली तिला. कातडी कापली तरी हूं केलं नाही, म्हणजे बाई गेलीच होती. गेलेली बाई घरात कशी घ्यायची? तेव्हा त्याच गावात दिलेली तिची आत्या पुढं आली. म्हणाली, गेली असेल तर आज नव्यानं जन्मली म्हणा. तिथंच पाट मांडला, पोरीला बसवलं आणि कानात नाव सांगितलं. घुगऱ्या वाटल्या आणि हाताला धरून घरात नेली. तिच्या आईबापानं तिचं नाव नकुसा ठेवलं होतं. आत्यानं हौसा ठेवलं."

स्ट्रेचरवाल्यानं घड्याळाकडे बघायचं सोडून दिलं.

"तेव्हापासून आमच्या माहेरात शिशी हुंगली की बारसं. माझा भाऊ अंबाजी हर्नियाला आत गेला आणि भगवंतराव होऊन बाहेर आला."

"आणि बँकेत अजून अंबाजीच आहेत," किशोर हळूच म्हणाला.

"तू हस. त्याला भामाआत्या होती. ती गेली गेल्या साली. आता माझ्या वरचं कुणीच राहिलं नाही, बाई. मला हाक मारून घरात घेणारं कुणी नाही." एवढं बोलताना त्यांचा आवाज पहिल्यांदाच हलला. "मग मी परत तरी कुठं येऊ?"

वंदनानं सासूच्या खांद्यावरचा पदर सारखा केला.

डॉक्टर पलंगावर टेकल्या. "अम्मा, भूल उतरताना पेशंटला मीच उठवते. कानाशी जाऊन नावानं हाक मारते. सगळ्यात पहिला आवाज माझाच असतो."

जयवंताबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुला भाऊ आहे?"

"हौ. आहे."

"त्याला लेकरू?"

"मुलगी आहे. तीन वर्षांची."

"म्हणजे आत्या आहेस. नाव तूच ठेवलंस?"

डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचं हसू जरा उतरलं. "नाही ना. वहिनीनं मोबाइलमध्ये बघून ठेवलं. आमच्यातही मेनत्तेचा मान असतो, मेनत्ता म्हणजे तुमची आत्या. पण मला कुणी विचारलंच नाही. मी एक नाव ठरवून ठेवलं होतं. तसंच पडून आहे माझ्याजवळ."

"पडून आहे?"

"हौ. कुणाला दिलं नाही अजून."

जयवंताबाईंचा एक हात पलंगाच्या कडेवरून सुटला.

"कोणतं गं?"

"आत्ता कसं सांगू? बारशाच्या आधी नाव सांगतात का कुठं?"

"ते खरं," जयवंताबाई पुटपुटल्या. दुसराही हात सुटला. मग किशोरकडे बघून त्या करड्या आवाजात म्हणाल्या, "उभा काय राहिलास? हरभरे भिजत घालायला सांग घरी. आणि वंदना, घुगऱ्यांत खोबरं घाल, तुमच्या पुण्यासारखी साखर नको."

"नाही घालत हो," वंदना म्हणाली. तिनं डोळे पुसले ते कुणाला दिसू नये म्हणून ती उगाच पिशवीत काहीतरी शोधत राहिली.

आतल्या खोलीत थंडी होती. डोक्यावर मोठा दिवा, भोवती हिरवे कपडे घातलेली माणसं. सुई टोचली तेव्हा जयवंताबाईंनी तिकडे पाहिलंही नाही. त्या डॉक्टरांच्या तोंडाकडे टक लावून होत्या.

"आता मास्क लावते हं, अम्मा. लांब श्वास घ्यायचा."

मास्क नाकाशी आला, तसा जयवंताबाईंनी तो एका बोटानं बाजूला सारला.

"दोन अक्षरी आहे की तीन, तेवढं तरी सांग."