बंदुकीची तिजोरी

मामंजींच्या वेळी, काजूच्या बागेतली माकडे हाकलायची बंदूक पडवीतल्या खुंटीला असायची. शेजारच्या खुंटीला आम्ही सुना छत्र्या अडकवायचो. कोणाला काही वाटत नसे.

आता घरात माझी चार वर्षांची नात ओवी आहे आणि दिसेल त्या वस्तूला तिचा हात जातो. म्हणून माझ्या मुलाने, सुशांतने, लोखंडी तिजोरी आणली. निवडणुकीमुळे बंदूक पोलीस ठाण्यात जमा होती. ती परत यायच्या आत जागा ठरवायची होती.

"आये, माळ्यार ठेवूया?"

"तुझा चेडू थंय शिडयेशिवाय चढता," मी ओवीकडे बोट दाखवत म्हटले.

स्वयंपाकघर नको, असे सून संचिता म्हणाली. शेवटी तिजोरी माझ्या खोलीतल्या भिंतीत बसवली. सुशांतने ती रिकामीच कुलूपबंद करून चावी माझ्या हातात दिली.

नवी वस्तू आली की आमच्याकडे देवाला गाऱ्हाणे घालतात. एकाने मागायचे, बाकीच्यांनी होकार द्यायचा. मी तिजोरीसमोर नारळ ठेवला.

"ह्या चेडवाचो हात बंदुकीक लागूक देऊ नको रे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सुशांत आणि संचिता म्हणाली. ओवी बाहेर अंगणात खेळत होती.

सुशांत हसला. "तू पण ना, आये! कुलूप आसा, चावी तुझ्याकडे आसा. ओवी काय तिजोरी उघडतली?"

बंद तिजोरीच्या आतून कोणीतरी अदबीने म्हणाले, "व्हय म्हाराजा."