सशाचा होकार

समितीच्या खोलीत ससा टेबलावर ठेवला, तेव्हा विलास गुरवने मुद्दामच हात खिशात घातले. विद्यापीठाच्या प्राणिगृहात अठरा वर्षं तोच सशांना गवत घालत होता. प्राण्यांच्या मनातलं वाचणारं यंत्र आल्यापासून प्रयोगाआधी प्राण्याचीच परवानगी घ्यावी लागे, तीही त्याला सांभाळणाऱ्या माणसासमोर. भीतीपोटी दिलेला नकार समिती धरत नसे. प्रयोगाला गेलेला ससा मात्र परत येत नसे.

"मॅडम, तो नको म्हणतोय. पडद्यावर लाल दिसतंय की."

"घाबरलाय म्हणून," अध्यक्ष डॉ. देवस्थळी म्हणाल्या. "जवळ घ्या त्याला, मग खरं काय ते कळेल."

विलासने घेतलं नाही. उलट आयुष्यात पहिल्यांदाच तो सशावर खेकसला, "चल, हट!"

ससा दचकला आणि टेबलावरून थेट त्याच्याच छातीकडे झेपावला. तो खाली पडेल म्हणून विलासचे हात आपोआप पुढे झाले. सशाने त्याच्या काखेत नाक खुपसलं, थरथर थांबली आणि पडदा हिरवा झाला.

"होकार," मॅडम म्हणाल्या आणि खाली उमटलेली ओळ त्यांनी मोठ्याने वाचली, "'हा माणूस जवळ आहे, म्हणजे मला काही होणार नाही.' बघा, किती विश्वास आहे तुमच्यावर!"

त्यांनी साक्षीदाराच्या सहीसाठी फॉर्म पुढे सरकवला. विलास उजवा हात सोडवायला गेला, तर ससा तो चाटू लागला.