उजवीकडची नळी

खवलेकाका येऊन बसले ते खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरूनच. "आज अजिबात हलणार नाही, डॉक्टर," ते म्हणाले आणि खोकले.

तीन आठवड्यांपूर्वी याच खुर्चीत, दाढेवर बसवायची टोपी त्यांच्या घशात गेली होती. ते घुसमटले, डोळे पाण्याने भरले. जरा निवल्यावर मी म्हणाले होते, "तुम्ही हललात ना, काका. गिळली गेली असेल. दोन दिवसांत पडून जाईल." माझीच माफी मागून ते घरी गेले होते.

खोकला थांबेना, म्हणून काल त्यांनी छातीचा एक्स-रे काढला होता. मी तो खिडकीपाशी धरला. श्वासनलिकेला दोन फाटे फुटतात त्याच्या जरासं खाली, उजव्या फाट्यात, टोपी पांढरीशुभ्र दिसत होती.

"पोटात नाही गेली?"

"नाही. उजवीकडच्या श्वासनळीत अडकली आहे. आजच मोठ्या दवाखान्यात जाऊ. दुर्बिणीने काढतील. मी येते बरोबर."

"पण उजवीकडेच कशी गेली?"

"उजवी नळी जास्त रुंद असते, आणि जवळजवळ सरळ खाली उतरते. आत पडलेलं बहुधा तिकडेच जातं." एवढं मला न अडखळता सांगता आलं.

"सगळ्यांचंच असं असतं?"

"हो."

"मग बरं. मला वाटलं, मी वाकडा हललो म्हणून."

मी एक्स-रे खाली ठेवला.

"खुर्चीचे हात सोडा, काका. त्या दिवशीही तुम्ही हलला नव्हतात. टोपी माझ्या बोटांतून निसटली होती."