रांगेतला चिमटा

मेथी निवडता निवडता आई पुन्हा तेच सांगू लागली. "मतदानादिवशी गुंडांनी आपल्या वस्तीच्या बाया शाळेच्या दारातच अडवल्या. मग मी कडेवरच्या तुला चिमटा काढला. तुझं रडं ऐकून आतले साहेब धावत आले, अन् आमची मतं पडली."

"पुरे तुझ्या थापा," म्हणत कुंदा हसली. दुसऱ्या पहाटे आई झोपेतच गेली.

त्यानंतर कुंदाचं कशातच लक्ष लागेना. वस्तीच्या हक्कांसाठी झालेल्या चळवळीच्या जुन्या फोटोंच्या प्रदर्शनातही ती भिरभिरत होती. एका फोटोपाशी थबकली. शाळेचं दार, काठ्या घेतलेली माणसं आणि बायांच्या पुढे आई. कडेवरचं पोर टाहो फोडतंय. आईची दोन बोटं त्याच्या मांडीत रुतलेली.

"आई, खरं होतं गं तुझं," कुंदा भर दालनात मोठ्यानं म्हणाली. "केवढ्या जोरात काढला होतास!"