बोलक्या मराठीचा घसा

बाराही कॉम्प्युटर मुके होते आणि उद्घाटन अकराला होतं.

उमाठे सरांनी घड्याळ पाहिलं. सव्वादहा. तेवढ्यात दारात मेघा गजघाटे उभी राहिली आणि सर तोंडभर हसले. "ये बेटा, ये. तुझीच वाट पाहून राहिलो."

बेटा! मेघाच्या अंगाचा तिळपापड झाला. चार वर्षांपूर्वी याच कॉलेजात वर्षभर खपून तिनं 'बोलकी मराठी' तयार केली होती. पडद्यावरचं मराठी अंध मुलांना मोठ्यानं वाचून दाखवणारा प्रोग्राम. तो बाहेर आला तेव्हा त्यावर एकट्या सरांचं नाव. ती विचारायला गेली, तर मान वर न करता सर म्हणाले होते, "टायपिंगमध्ये राहून गेलं असेल. नावाचं काय घेऊन बसली वं? काम महत्त्वाचं."

आताही दारावरची नवी पितळी पाटी तिनं वाचलीच होती. 'बोलकी मराठी कक्ष. निर्मिती : डॉ. उमाठे.' खाली तेच ब्रेलमध्ये.

कॉम्प्युटर कोरे करकरीत होते. आत लिनक्स, कुणालाही फुकट घेता येणारी ऑपरेटिंग सिस्टीम. पण या मशीनमधली आवाजाची चिप लिनक्सला ओळखूच येत नव्हती. ओळख करून देणारा ड्रायव्हर नव्हता, म्हणून स्पीकरमधून हूं की चूं नाही. लकडगंजचा दुकानदार दोन दिवस डोकं आपटून गेला. जाताना म्हणाला, या चिपचा ड्रायव्हर एका बाईनं लिहून नेटवर ठेवला आहे, पण नव्या मशीनवर तो बसवणं तिलाच जमेल. बाई आपल्याच गावातली, जरीपटका भागातली आहे. आणि तिचं नाव कागदावर लिहून दिलं : मेघा गजघाटे.

ते नाव वाचताना सरांचं तोंड कसं झालं असेल? ऑटोत बसल्या बसल्या मेघानं ते तोंड दहादा डोळ्यांपुढे आणलं होतं. तरी मन भरलं नव्हतं.

खरं तर एक वाक्य पुरे होतं. होत नाही सर. एवढं म्हणायचं आणि चालू लागायचं. अकरा वाजता होऊ दे फजिती! तिनं ते वाक्य घरूनच घोकून आणलं होतं.

पहिल्या मशीनसमोर उमरेडची गोपिका बसली होती. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. चाहूल लागताच तिनं मान वळवली. "ताई, सोमवारी पेपर आहे माझा. याच्यावरच द्यायचा आहे. आज बोलन ना हे?"

मेघा तिच्याकडे पाहत राहिली. मग खुर्ची ओढून बसली. "बोलन. चांगलं बोलन."

तिनं पेन ड्राइव्ह लावला. सर पाठीशी उभे. पंधरा-वीस मिनिटांनी पडद्यावर ड्रायव्हरच्या माहितीचं पान उघडलं. वरच ओळ होती, 'लेखिका : मेघा गजघाटे.' मुद्दाम देवनागरीत.

सर खाली वाकले. "हे नाव तेवढं... म्हणजे पाहुण्यांसमोर मशीन तेच वाचून दाखवन. काढता येते का?"

"काढता येते ना सर. तुमच्याइतक्या सफाईनं दुसऱ्या कोणाले येते?"

सरांचे कान लाल झाले. "जुनं काहून उकरून राहिली बेटा?"

"जुनं नाही, ड्रायव्हरची अट आहे. फुकट घ्या, वाटा, बदला. फक्त लिहिणाऱ्याचं नाव काढायचं नाही. काढलं, तं वापरायचा हक्क गेला." मेघानं त्यांच्याकडे वळून पाहिलं. "आणि नावाचं काय घेऊन बसले सर? काम महत्त्वाचं."

चार वर्षं हे वाक्य तिच्या घशाशी अडकून होतं. ते बाहेर पडलं आणि तिला मोकळं मोकळं वाटलं.

अकराला संस्थेचे अध्यक्ष आले. हार झाले, फीत कापून झाली. सरांनी 'बोलकी मराठी'साठी आपण घेतलेले कष्ट सांगितले. ऐकू यावं म्हणून कूलर बंद केला, तशी सगळ्यांना घामाची धार लागली. अध्यक्षांनी पहिल्या मशीनचं बटण दाबलं.

मशीन खरखरलं आणि मग स्वच्छ मराठीत बोललं, "ध्वनी सुरू आहे. लेखिका, मेघा गजघाटे."

मुलांनी टाळ्यांचा कडकडाट केला. गोपिका तर उठून उभीच राहिली.

"अरे वा! ह्या कोण?" अध्यक्षांनी विचारलं.

कोपऱ्यात उभ्या मेघाकडे सरांनी हात केला. क्षणभर अडखळले, मग छाती पुढे काढून म्हणाले, "माझीच विद्यार्थिनी, साहेब! मीच घडवली. ही 'बोलकी मराठी' आम्ही दोघांनीच तं बनवली."

"मग दारावरच्या पाटीवर ताईचं नाव काहून नाही सर?" गोपिकेनं विचारलं. आवाजात काही खोच नव्हती, तिला खरंच कळत नव्हतं. "मी दोनदा बोट फिरवलं. तुमचं एकट्याचंच आहे."

अध्यक्षांनी सरांकडे पाहिलं. सरांनी मेघाकडे पाहिलं. सांभाळून घे, असं ते डोळे म्हणत होते.

मेघानं सावकाश पेन ड्राइव्ह काढला आणि दुसऱ्या मशीनला लावला.

"टायपिंगमध्ये राहून गेलं असन," ती मान वर न करता म्हणाली.